मिन-मॅक्स, एमआरपी, कानबान... साठा भरून काढायची कोणती पद्धत कशाला लावायची?

बिनकार्ड

नमस्कार मंडळी. पंप आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कारखान्यात मी स्टोअर आणि मटेरियल प्लॅनिंग दोन्ही सांभाळतो. साधारण १४०० आयटम आहेत आणि सगळेच्या सगळे मिन-मॅक्सवर (साठा मिनखाली गेला की मॅक्सपर्यंत मागवायचा). मिन काढायची रीत एकच: रोजचा सरासरी खप गुणिले लीड टाइम (मागणी निघाल्यापासून माल येईपर्यंतचा काळ). ईआरपी (कारखान्याच्या सगळ्या नोंदींचं सॉफ्टवेअर) बसवताना कोणीतरी हे आकडे भरले, पुढे अधूनमधून कोणी कोणी बदलले.

गेल्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या, म्हणून हा धागा काढतोय.

पहिली गोष्ट बेअरिंगची. एका गिअरबॉक्सला चार लागतात. दर तीन आठवड्यांनी ६० गिअरबॉक्सची बॅच लागते, म्हणजे २४० बेअरिंग एकदम, आणि मधले दोन आठवडे शून्य. आठवड्याची सरासरी ८०, लीड टाइम दोन आठवडे, म्हणून मिन १६०. बॅचच्या आधी रॅकवर २३० होते. मिनच्या वर, म्हणून सिस्टिमने मागणी काढलीच नाही. ५७ गिअरबॉक्स झाले, तीन राहिले, आणि दहा बेअरिंगसाठी ऑर्डर पूर्ण करता आली नाही.

दुसरी गोष्ट ऑइल सीलची. हा आम्ही स्पेअर म्हणून रोज बाहेर पाठवतो. रोजचा खप सरासरी २०, कमी-जास्त होतो (प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा साधारण फरक, ६ येतंय). लीड टाइम ९ दिवस, मिन १८०. तरी दर दोन-तीन महिन्यांनी हा सील संपतोच. आणि त्याच रॅकवर दुसऱ्या मापाचा सील आठ महिने पुरेल इतका पडून आहे!

साहेबांचं म्हणणं, अंदाज चुकतात, फोरकास्टिंगचं चांगलं सॉफ्टवेअर घेऊ. मी रिऑर्डर पॉइंट (साठा या आकड्यावर आला की मागवायचं), ठरावीक दिवसांनी आढावा, एमआरपी (उत्पादन योजनेवरून प्रत्येक पार्टची गरज काढणं), कानबान (कार्डांवरून माल भरणं), डीडीएमआरपी (मागणीवर चालणारं एमआरपी) असं बरंच वाचलं. प्रत्येक जण आपलीच पद्धत उत्तम म्हणतो. ज्यांनी प्रत्यक्ष वापरल्या आहेत त्यांनी कृपया सांगा.

जुना_प्लॅनर

बेअरिंगबद्दल आधी सांगतो, कारण तिथे उत्तर सरळ आहे. तो आयटम मिन-मॅक्सवर असायलाच नको होता.

जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६०च्या दशकात एमआरपी उभं केलं. त्यांचा मुद्दा हाच होता. ग्राहक काय मागेल याचा अंदाज करावा लागतो. पण तुमच्या बेअरिंगची मागणी तुमच्याच उत्पादन योजनेतून निघते, ती मोजता येते. जे मोजता येतं त्याची सरासरी काढून अंदाज करत बसलात तर हातात असलेली माहिती फेकून दिल्यासारखं होतं. ८० ही सरासरी कुठल्याच आठवड्यात खरी नव्हती. एक तर शून्य, नाही तर २४०.

एमआरपीने काय केलं असतं बघा. बॅच सहाव्या आठवड्यात आहे. लागणार २४०, हातात २३०, येऊ घातलेलं काही नाही, तूट १०. लीड टाइम दोन आठवडे, म्हणून चौथ्या आठवड्यात पीओ (खरेदीची ऑर्डर) काढा. महिनाभर आधी दिसलं असतं.

आणखी एक हिशेब मी प्रत्येक नवीन माणसाला करायला लावतो. एका जोडणीला दहा पार्ट लागतात आणि प्रत्येक पार्ट रॅकवर असण्याची शक्यता ९५ टक्के आहे असं धरा. दहाही एकाच वेळी असण्याची शक्यता? ०.९५चा दहावा घात, म्हणजे जेमतेम ६० टक्के. प्रत्येकी ९० टक्के असेल तर ३५. प्रत्येक पार्टवर वेगवेगळा सेफ्टी स्टॉक (चढउतारासाठी राखीव साठा) ठेवून जोडणीची लाइन चालवायची म्हटलं की रॅक भरलेले आणि लाइन उभी, हे दृश्य ठरलेलं.

शिकाऊ

वाचतेय. एक शंका: मग सगळंच एमआरपीवर का टाकत नाहीत?

जुना_प्लॅनर

@शिकाऊ, कारण एमआरपी सांगितलेलं सगळं खरं मानतं. बीओएममध्ये (कशाला कोणते पार्ट किती लागतात त्या यादीत) बेअरिंग चारऐवजी तीन लिहिले असतील तर ते तीनच मागवणार. रॅकवर २३० आणि सिस्टिममध्ये २५० असतील तर त्याला तूट दिसणारच नाही. आणि मुख्य योजना दर सोमवारी बदलली की खालच्या प्रत्येक पार्टची तारीख हलते. आज पीओ पुढे ढकला, उद्या अलीकडे आणा. पुरवठादार दोन महिन्यांत तुमच्या तारखा मनावर घेणं सोडून देतो. म्हणून जवळचे दोन-तीन आठवडे गोठवून ठेवावे लागतात: त्यात बदल करायचा तर प्लॅनरची सही लागेल. ही शिस्त नसेल तर एमआरपीने गोंधळ वाढतो. मी तो वाढलेला पाहिला आहे.

शिवाय तुमचा सील रोज कोण किती मागेल हे कुठल्याच बीओएममध्ये नाही. तिथे रिऑर्डर पॉइंटच योग्य.

संख्यामित्र

सीलचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत. मी हिशेब करून दाखवते.

तुमचा मिन १८० म्हणजे २० गुणिले ९. यात सेफ्टी स्टॉक शून्य आहे! सगळं सरासरीप्रमाणे झालं तर माल येईल त्या दिवशी रॅक बरोबर रिकामा होणार. म्हणजे साधारण निम्म्या वेळा तो आधीच संपणार.

आता खपातला चढउतार धरू. ९ दिवसांचं प्रमाण विचलन ६ गुणिले ९चं वर्गमूळ, म्हणजे १८. ९५ टक्के वेळा साठा पुरावा म्हणून १.६५ने गुणलं की ३०. रिऑर्डर पॉइंट २१०. बहुतेक जण इथेच थांबतात.

पण लीड टाइम नेहमी ९ दिवसच असतो का? तो ३ दिवसांनी मागेपुढे होतो असं धरते (तुम्ही खरा आकडा सांगा). मग सूत्र असं: लीड टाइम गुणिले खपाच्या विचलनाचा वर्ग, अधिक खपाचा वर्ग गुणिले लीड टाइमच्या विचलनाचा वर्ग, आणि बेरजेचं वर्गमूळ. पहिला भाग ९ × ३६ = ३२४. दुसरा भाग ४०० × ९ = ३६००. बेरीज ३९२४, वर्गमूळ ६२.६, सेफ्टी स्टॉक १०३, रिऑर्डर पॉइंट २८३.

त्या दोन आकड्यांकडे नीट बघा: ३२४ आणि ३६००. अनिश्चिततेचा ९० टक्क्यांहून जास्त भाग माल कधी येईल यातून येतोय. उद्या तुम्हाला अगदी अचूक अंदाज करणारं सॉफ्टवेअर मिळालं, खपातली अनिश्चितता शून्य झाली, तरी सेफ्टी स्टॉक १०३चा ९९ होईल. चार सील वाचतील. उलट लीड टाइमचं विचलन ३चं दीड दिवस केलंत तर तोच साठा ५८वर येतो. साहेबांना हा हिशेब जरूर दाखवा.

बिनकार्ड

हे वाचून मी दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. खरंच ९९ येतंय. पण तीन दिवस हा आकडा माझ्याकडे नाही. सिस्टिममध्ये लीड टाइमच्या रकान्यात फक्त ९ लिहिलंय.

खरेदी_खातं

तो ९ पुरवठादाराने कोटेशनमध्ये लिहिलेला असतो, किंवा कोणीतरी अंदाजाने भरलेला. मी अकरा वर्षं खरेदीत आहे, म्हणून सांगते कुठे बघायचं.

त्या सीलचे गेल्या दोन वर्षांचे सगळे जीआरएन (माल आल्याच्या नोंदी) काढा. प्रत्येकासमोर चार तारखा लिहा: साठा मिनखाली गेला तो दिवस, पीओवर सही होऊन तो बाहेर गेला तो दिवस, माल गेटवर आला तो दिवस, आणि क्वालिटीने पास करून रॅकवर लागला तो दिवस. लीड टाइम म्हणजे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत. बहुतेक ठिकाणी फक्त दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत मोजतात आणि उशीर झाला की पुरवठादाराला फोन.

आमच्याकडे हे केलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. एका पुरवठादाराला मी वर्षभर बोल लावत होते आणि त्याचा माल दर वेळी सहा-सात दिवसांत गेटवर आलेला होता. बाकीचे दिवस आमच्या सहीत आणि इनवर्ड तपासणीत जात होते. मी त्यांना फोन करून तसं सांगितलं.

रंगीत_कार्डे

कानबानबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तोयोतात ताइइची ओहनो यांनी ही पद्धत रुजवली. कल्पना अमेरिकन सुपरमार्केटवरून: गिऱ्हाइकाने जितकं उचललं तितकंच फळीवर परत भरायचं. प्रत्येक पेटीला एक कार्ड, पेटी संपली की ते कार्ड हीच मागणी. कार्डांची संख्या काढायचं गणित साधं आहे: रोजचा खप गुणिले भरून यायचे दिवस, वर थोडी जास्तीची सोय, भागिले एका पेटीत मावणारे नग. रोज २०, तीन दिवस, २० टक्के जास्तीचे, पेटीत १२ नग: ७२ भागिले १२, सहा कार्डं. सातवं कार्ड नाही, म्हणजे सातवी पेटी असूच शकत नाही. साठ्यावर इतकी घट्ट लगाम दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत मी पाहिली नाही, आणि कॉम्प्युटरशिवाय.

पण बिनकार्ड, तुमच्या त्या बेअरिंगला हे चालणार नाही. कानबानला खप बऱ्यापैकी सपाट लागतो. तोयोतातही आधी उत्पादन समतोल केलं जातं, मग कार्डं फिरतात. तुम्ही ६०ची बॅच मोडून रोज चार-चार गिअरबॉक्स लावू शकलात तर गोष्ट वेगळी.

नट, बोल्ट, वॉशर, ओ-रिंग यांना मात्र आजच दोन डबे लावा. पुढचा डबा संपला की तो रिकामा डबा हीच मागणी, तोवर मागचा वापरायचा. १४००पैकी काहीशे आयटम तुमच्या डोक्यातून कायमचे उतरतील.

बिनकार्ड

लागोपाठ चार-चार लावणं सध्या शक्य नाही, फिक्स्चर (जोडताना भाग धरून ठेवणारं साधन) बदलायलाच अर्धी पाळी जाते. पण दोन डब्यांचं लगेच करतो.

सुट्टे_भाग

माझं सगळं काम देखभालीच्या स्पेअर्सचं. चार महिने शून्य, मग एकदम सहा, पुन्हा शून्य. तुमच्या १४००मध्ये असे किती आहेत ते मोजा, संख्या बघून दचकाल.

अशा आयटमला नेहमीची सरासरी फसवते, आणि ते कसं हे समजून घेण्यासारखं आहे. मागणी आली की अंदाज एकदम उसळतो, मग महिन्यामागून महिना घसरत जातो. म्हणजे नुकताच माल गेला आणि पुढे बरेच दिवस काही लागणार नाही, नेमका तेव्हा अंदाज सगळ्यात वर. मिन जर या अंदाजावरून चालत असेल तर तुम्ही नेमक्या चुकीच्या वेळी मागवता.

क्रॉस्टन यांनी १९७२मध्ये यावर उपाय सुचवला: मागणी येते तेव्हा किती येते आणि किती काळाने येते, हे दोन आकडे वेगळे सांभाळा, आणि मागणी आली तरच ते बदला. सरासरी ६ नग दर ४ महिन्यांनी, म्हणजे महिन्याला १.५. पुढे सिंटेटॉस आणि बॉयलन यांनी दाखवलं की हा आकडा थोडा जास्तच येतो. त्यांनी २००५मध्ये दुरुस्ती दिली. स्मूदिंगचा गुणक (अंदाजात नव्या आकड्याला दिलेलं वजन) ०.१ असेल तर उत्तराला ०.९५ने गुणा: १.४३.

महाग आणि क्वचित लागणारा पार्ट असेल तर मी तेवढंही करत नाही. एक गेला की एक मागव, बस. लीड टाइमभरात सरासरी अर्धा नग लागत असेल तर पॉइसॉन वितरणाने (क्वचित येणाऱ्या मागणीची शक्यता काढायचं गणित) दोन ठेवल्यास ९१ टक्के वेळ रॅकवर किमान एक असतो, तीन ठेवल्यास ९८.६ टक्के. तिसरा ठेवायचा की नाही हे मशीन बंद पडल्यावर काय होतं यावर ठरतं. ते देखभालवाल्यांना विचारून ठरवावं. स्टोअरमध्ये बसून ठरवायची ही गोष्ट नाही.

शिकाऊ

आणि एका वेळी किती मागवायचं? मॅक्स कसा काढतात? आम्हाला वर्गमूळवालं सूत्र शिकवलंय पण ऑर्डर करायचा खर्च किती हे कोणालाच माहीत नसतं.

जुना_प्लॅनर

तेच, फोर्ड हॅरिस यांचं १९१३चं सूत्र: किती मागवलं तर एकूण खर्च सगळ्यात कमी. खर्च नक्की माहीत नसला तरी चालतं, हेच त्याचं बलस्थान. त्यातली खर्चाची रेषा तळाशी खूप सपाट आहे. बरोबर उत्तराच्या दीडपट मागवलं तर ऑर्डरिंग आणि साठवणूक मिळून खर्च ८ टक्क्यांच्या आसपास वाढतो, दुप्पट मागवलं तर २५ टक्के. तेव्हा सूत्र ३४० म्हणालं आणि पेटी ४००ची असेल तर ४०० बिनधास्त मागवा. किती मागवायचं यावर आठवडा घालवणारे प्लॅनर मी पाहिलेत. तो आठवडा कधी मागवायचं यावर घालवावा.

नवा_बफर

डीडीएमआरपी सुचवतो. कॅरल टॅक आणि चॅड स्मिथ यांनी २०११मध्ये मांडलं. साखळीतल्या ठरावीक जागी लाल-पिवळा-हिरवा बफर ठेवायचा, बाकी ठिकाणी साठा नाही. वरच्या योजनेतला प्रत्येक धक्का खालपर्यंत पोचत नाही, एमआरपीचा तो थरथराट थांबतो. आम्ही दीड वर्ष वापरतोय, फायदा झाला.

संख्यामित्र

फायदा झाला यावर माझा विश्वास आहे. साठा कुठे ठेवायचा हा प्रश्न ते नीट विचारायला लावतात, आणि तो प्रश्न मोलाचा आहे. पण लाल भागाचा, म्हणजे बफरमधल्या राखीव साठ्याचा, आकार लीड टाइम आणि चढउतार यांचे गुणक निवडून काढतात, आणि ते गुणक बऱ्याच अंशी अनुभवाने ठरतात. लीड टाइमचा रकानाच चुकीचा असेल तर रंग लावून तो बरोबर होत नाही. बिनकार्ड यांच्याकडे आज तो चुकीचा आहे असं दिसतंय.

नवा_बफर

मान्य. आम्हीही आधी सहा महिने लीड टाइमच दुरुस्त करत होतो, आता विचार केला तर अर्धा फायदा तिथलाच असेल.

खरेदी_खातं

बिनकार्ड, आणखी एक विचारायचं राहिलं. आठ महिन्यांचा जो सील पडलाय, त्याची मागणी कशी निघते? मिनची तुलना फक्त रॅकवरच्या साठ्याशी होते का? तुलना नेहमी रॅकवरचा अधिक येणारा वजा देणं बाकी, या बेरजेशी करायची असते.

बिनकार्ड

मिळालं! सिस्टिम काही करतच नाही. खरेदीतला एक जण रोज सकाळी 'मिनखालचे आयटम' असा रिपोर्ट काढतो आणि त्यात फक्त रॅकवरचा साठा असतो. त्या सीलला माल यायला तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस तो रोज त्या यादीत दिसतो. रजेवर कोणी असलं, माणूस बदलला की पुन्हा पीओ. एकाच वेळी चार पीओ उघडे होते असं सापडलं, आणि पुढे चारही पीओंचा माल आला. त्या पोराची काही चूक नाही, यादीने त्याला जे दाखवलं ते त्याने केलं.

संख्यामित्र

रिपोर्टमध्ये 'येणारा माल' हा रकाना आजच जोडून घ्या. कुठल्याही पद्धतीची तुलना त्यानंतर.

जाता जाता, रोज यादी बघायचा व्याप टाळायचा असेल तर आठवड्यातून एकदाच आढावा घेतला तर काय होतं तेही काढलं. तेव्हा लीड टाइमला ७ दिवस जोडून १६ दिवसांसाठी सोय करावी लागते. सेफ्टी स्टॉक १०३चा १०७. फक्त चार जास्त, कारण मोठा वाटा लीड टाइमच्या चढउताराचा आहे आणि तो आढाव्याने बदलत नाही. लक्ष्य पातळी ३२० अधिक १०७, ४२७. एकाच पुरवठादाराकडून पंधरा-वीस आयटम येत असतील तर दर मंगळवारी सगळ्यांची एकत्र मागणी काढणं मला जास्त पसंत आहे.

आणि ९५ टक्के म्हणजे ९५ टक्के सील मिळतील असा अर्थ काढू नका. पीओ काढल्यापासून माल येईपर्यंत एकदाही न संपण्याची ती शक्यता आहे. दर वेळी ३०० मागवत असाल तर नगांच्या हिशेबात ९९.५ टक्क्यांहून जास्त मागणी लगेच भागते. साहेब '९९ टक्के हवेत' म्हणाले की कोणते ९९ ते आधी विचारा.

बिनकार्ड

दहा दिवसांनी येतोय, क्षमस्व. ऑइल सीलचे २४ जीआरएन काढून चार-चार तारखा लिहिल्या. बिनकार्डं (रॅकवरची साठ्याच्या नोंदींची कार्डं) शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

एकूण सरासरी ९ दिवस, विचलन जवळपास ३. संख्यामित्र यांचा आकडा नेमका निघाला. फोड अशी: आमची सही ३ दिवस, विचलन २.५. पुरवठादार ४ दिवस, विचलन १.२. क्वालिटी २ दिवस, विचलन १.१. म्हणजे सगळ्यात कमी भरवसा आमच्या सहीचा! साहेब दौऱ्यावर असले की पीओ आठ-आठ दिवस तसाच पडून.

मग मी रिऑर्डर पॉइंटवरच्या ठरलेल्या आयटमचे पीओ सहीशिवाय आपोआप गेले तर काय, हे काढलं. लीड टाइम ६, विचलन १.६. सेफ्टी स्टॉक ५९, रिऑर्डर पॉइंट १७९. आजचा मिन १८० आहे! तोच आकडा, आज तो निम्म्या वेळा कमी पडतो आणि सही काढली की ९५ टक्के वेळा पुरतो. हा कागद साहेबांसमोर ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि वार्षिक दरकरार असलेल्या आयटमना सही नको असं लिहून दिलं.

संख्यामित्र

फार आनंद झाला वाचून. एक काळजी घ्या: उशीर नेहमी एकाच बाजूला लांबतो, त्यामुळे १.६५ थोडं कमी पडू शकतं. २४ नोंदी आहेतच, तर प्रत्येक वेळी पीओपासून माल लागेपर्यंत प्रत्यक्ष किती सील गेले ते लिहा आणि वरून दुसरा आकडा घ्या. तो १७९च्या बराच वर असेल तर तोच धरा.

बिनकार्ड

करतो. जोडणीचे ६१० आयटम पुढच्या महिन्यात एमआरपीवर नेतोय. बीओएम तपासणी सुरू आहे, गिअरबॉक्सच्या बीओएममध्ये एक सर्क्लिप नव्हतीच. @जुना_प्लॅनर, पहिल्यांदा एमआरपी चालवायच्या आधी आणखी काय बघू?

जुना_प्लॅनर

उघडे पीओ. तारखेप्रमाणे लावा आणि ज्यांची तारीख उलटून गेली आहे असा प्रत्येक पीओ पुरवठादाराला फोन करून एक तर नव्या तारखेवर टाका, नाही तर बंद करा. मागच्या तारखेचा पीओ एमआरपी 'आज येणार' असं धरतं आणि त्या आयटमची तूट लपवतं. आणि त्या २३० बेअरिंगसारखे जे पहिल्या बॅचला लागणार आहेत ते स्वतः हाताने मोजा, सिस्टिमवर विसंबू नका.

बिनकार्ड

उलटलेल्या तारखांचे १३७ निघाले. उद्यापासून फोन.